थोडं गळणारं सील आणि तापवून चढवलेलं बेअरिंग

पंपाच्या फिरत्या दांड्यापाशी, म्हणजे शाफ्टपाशी, द्रव अडवणारं मेकॅनिकल सील अजिबात गळत नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. जाहिरातींतही ‘शून्य गळती’ असंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात चालू पंपातलं साधं, एकेरी सील गळतं आणि त्याने थोडं गळायलाच हवं. ही गळती इतकी कमी असते की बाहेर येता येताच द्रवाची वाफ होते, म्हणून ती दिसत नाही. दुरुस्तीनंतर पंप पुन्हा जोडताना जी काळजी घ्यावी लागते, तिच्यातली बरीचशी या न दिसणाऱ्या गळतीपायीच असते.

शाफ्ट पंपाच्या पोटातून जिथे बाहेर येतो, तिथे फट राहणारच. तिच्यावरचा उपाय म्हणजे समोरासमोर टेकलेल्या दोन कड्या. एक शाफ्टबरोबर फिरते, दुसरी कव्हरमध्ये स्थिर बसते. बहुतेक वेळा एक कार्बन-ग्राफाइटची असते आणि दुसरी सिलिकॉन कार्बाइडसारख्या कठीण पदार्थाची. ६० मिलिमीटर व्यासाची कडी मिनिटाला २९०० फेरे घेत असेल, तर तिच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ९ मीटर होतो, म्हणजे ताशी जवळपास ३३ किलोमीटर. इतक्या वेगाने त्या कोरड्या घासल्या तर बघता बघता तापून खराब होतील. तसं होत नाही, कारण पंपातलाच द्रव दोघींच्या मधे शिरतो आणि त्याचा पापुद्रा त्यांना तोलून धरतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. हा पापुद्रा जेमतेम एक मायक्रॉनचा.

तो नेमका टिकतो कसा? मला या यंत्रातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. समजा, कड्यांच्या बाहेरच्या कडेभोवती १० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाचा द्रव आहे. तो कडीच्या पाठीवर दाब देतो आणि फट मिटवू पाहतो. फटीच्या आत मात्र बाहेरच्या कडेला १० बार, तर आतल्या कडेला, जिथे हवा लागते तिथे, शून्य. मधे दाब हळूहळू उतरत जातो, म्हणून फट उघडू पाहणारा सरासरी दाब धरा ५ बार. पाठीचं क्षेत्रफळ चेहऱ्याइतकंच, म्हणजे दुसऱ्या कडीला टेकणाऱ्या पृष्ठभागाइतकंच, ठेवलं, तर मिटवणारा दाब १० आणि उघडणारा ५. उरलेले ५ बार त्या नाजूक पापुद्र्यावर येतात. आता शाफ्टच्या स्लीव्हवर, म्हणजे त्याच्यावर चढवलेल्या नळीवर, एक छोटी पायरी काढली आणि द्रवाचा दाब घेणारी पाठ चेहऱ्याच्या ७५ टक्के केली, की मिटवणारा दाब साडेसातवर येतो आणि पापुद्र्यावरचं ओझं थेट निम्मं, अडीच बार, होतं. हाच मोह पुढे रेटून पाठ पन्नास टक्क्यांखाली नेली, तर द्रव कड्या उघडून बाहेर उसळेल. कडीला मागून रेटणाऱ्या स्प्रिंगचं मुख्य काम पंप बंद असताना कड्या मिटलेल्या ठेवणं. चालू पंपात खरा भार द्रवच देतो.

हे सगळं गणित कड्या सपाट असतील तरच लागू. सपाटपणा तपासताना कडीवर अत्यंत सपाट काच ठेवून हेलियमच्या दिव्याच्या पिवळसर उजेडात पाहतात. काचेखाली काळ्या-उजळ पट्ट्या उमटतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे उंचीतला ०.२९ मायक्रॉनचा फरक, त्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्मा. पट्ट्या सरळ आणि समांतर दिसल्या की कडी सपाट. वाकल्या की उंचसखलपणा आहे. अशा पृष्ठभागावर बोटाचा तेलकट ठसा किंवा फडक्याचा एक धागा राहिला, तरी तो पापुद्र्यापेक्षा जाड ठरू शकतो. सीलमधली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, ईपीडीएम नावाच्या रबराची असेल तर तिला खनिज तेलाचं ग्रीस लावू नये, ती फुगते. साबणाचं पाणी पुरतं.

आता शाफ्टला आधार देणारं बेअरिंग. सील वारंवार जातं आणि दर वेळी सीलच बदललं जातं, पण दोष बऱ्याचदा शेजारच्या बेअरिंगमध्ये असतो. शाफ्ट बेअरिंगच्या भोकापेक्षा दहा-वीस मायक्रॉन जाड असतो. म्हणून ५० मिलिमीटर भोकाचं बेअरिंग खोलीच्या तापमानापेक्षा ८० अंशांनी तापवायचं. भोक सुमारे ४८ मायक्रॉनने वाढतं आणि बेअरिंग हाताने सरकतं. बेअरिंगचं स्वतःचं तापमान मात्र १२० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ नये. बसवल्यावर ते गार होईपर्यंत शाफ्टच्या पायरीला दाबून धरायचं, कारण थंड होताना ते रुंदीतही आकसतं आणि पायरीपाशी फट राहते. ती फट राहिली तर पुढे शाफ्ट लांबीत सरकतो आणि सीलच्या स्प्रिंगचा मोजून ठेवलेला दाब बदलतो.

बाहेरच्या रिंगवर हातोडा मारून बेअरिंग चढवणं हा तर गुन्हाच. सगळा मार छर्ऱ्यांमधून जातो आणि छर्रा रेसला, म्हणजे तो ज्या खाचेत धावतो तिला, अगदी बारीकशा ठिपक्यावर टेकलेला असतो. तिथला ताण ४२०० मेगापास्कलला पोचला, की छर्ऱ्याच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाइतका कायमचा खड्डा पडतो. १० मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी तो एक मायक्रॉन, म्हणजे सीलच्या पापुद्र्याइतका! हातोडा ही मर्यादा सहज ओलांडतो. मग शाफ्ट थरथरतो आणि कड्यांना त्याच्या मागे धावावं लागतं.

‘ग्रीस भरपूर भरलं की बेअरिंग जास्त टिकतं’ हीसुद्धा निव्वळ अंधश्रद्धा आहे. ठासून भरलेलं ग्रीस घुसळून घुसळून तापतं. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते अर्धा, एवढं बस्स.

जोडणी झाली की शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा, डायल गेजवर, म्हणजे बारीक हालचाल दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर, त्याचं डोलणं मोजायचं. मग पंप द्रवाने भरायचा आणि सीलच्या कप्प्यातली हवा वरच्या प्लगमधून पूर्ण काढायची. हवा हलकी असल्याने फिरताना ती शाफ्टभोवती, म्हणजे नेमकी कड्यांपाशी, गोळा होते आणि पापुद्रा धरायला तिथे द्रवच उरत नाही. प्लगमधून बुडबुडे थांबून सलग धार आल्याशिवाय मोटरचं बटण दाबू नये.