रोकफोर गाव : सहलीला निघण्यापूर्वी वाचावे

दक्षिण फ्रान्सच्या सहलीत आपण एक अख्खी सकाळ रोकफोर चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या रोकफोर-सुर-सुलझों या गावात घालवणार आहोत. 'चीजच्या गावात एवढा वेळ कशाला?' असं बरेच जण विचारतात, म्हणून हे माहितीपत्रक.

आधीच सांगतो, गाव देखणं नाही. कड्याला चिकटलेला एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना उंच, जराशी उदास दगडी घरं, मध्येच एखादं गोदामासारखं दार. फोटोंची हौस भागवायला ला कुव्हर्तुआराद हे तटबंदीचं गाव दुसऱ्या दिवशी आहेच. रोकफोरमध्ये बघायचं ते दारांच्या आत, पायऱ्या उतरून गेल्यावर.

गाव आवेरों जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर. वस्ती जेमतेम पाच-सहाशे. आजूबाजूला 'कोस' म्हणतात ती चुनखडीची उघडी पठारं. पाऊस पडला तरी पाणी खडकात मुरून जातं, त्यामुळे शेती बेताची, गवत खुरटं. अशा रानात मेंढीच तग धरते. शतकानुशतकांच्या या मेंढपाळीमुळेच २०११ मध्ये युनेस्कोने कोस आणि सेव्हेन हा प्रदेश जागतिक वारशाच्या यादीत घेतला.

गावाच्या डोक्यावर कोंबालू नावाचा डोंगर आहे. फार पूर्वी त्याचा कडा ढासळला आणि शिळांचा सुमारे दोन किलोमीटर लांब, तीनशे मीटर रुंद खच पडला. त्या शिळांमध्ये ज्या पोकळ्या राहिल्या, त्याच या गुहा. डोंगरातल्या भेगांमधून त्यांत सतत गार, दमट वारा येतो. या भेगांना तिथे 'फ्ल्योरीन' म्हणतात. बाहेर जुलैचं ऊन असो की जानेवारीचा बर्फ, आत ८ ते १२ अंश तापमान आणि ९५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता. फ्ल्योरीनच्या तोंडाशी झडपा बसवलेल्या दिसतील. त्या कधी आणि किती उघडायच्या, हे गुहेचा जाणकार ठरवतो. आमच्या मते सबंध गावात पाहण्यासारखी वस्तू हीच. झडपेसमोर हात धरून बघा, वारा जाणवतो.

चीज मात्र गुहेत तयार होत नाही, ते तिथे मुरतं. दूध लाकोन जातीच्या मेंढ्यांचं, न तापवलेलं. त्यात पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी घालतात. पूर्वी ती पावावर धरवून, वाळवून, तिची पूड करत. काही ठिकाणी अजूनही पाव भाजतात. दही लागलं की कापून, साच्यात निथळून त्याच्या अडीच-तीन किलोच्या ढेपा करतात आणि मीठ चोळतात. मग सुयांनी आरपार भोकं पाडायची, कारण हवा मिळाल्याशिवाय आतली बुरशी वाढत नाही. कापल्यावर दिसणाऱ्या निळ्या-हिरव्या रेषा त्या याच. पुढे ढेपा गुहेत लाकडी फळ्यांवर उभ्या, एकमेकींना न टेकता, किमान १४ दिवस ठेवाव्या लागतात. नंतर कथिलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून थंड जागी. एकूण मुदत ९० दिवसांपेक्षा कमी चालत नाही.

मेंढपाळ, त्याची प्रेयसी आणि गुहेत विसरलेली शिदोरी ही चीजच्या जन्माची दंतकथा गाइड सांगेलच. ऐका आणि सोडून द्या. कागदोपत्री इतिहास जास्त रंजक आहे. १४११ मध्ये फ्रान्सचा राजा चार्ल्स सहावा याने हे चीज मुरवण्याचा हक्क फक्त या गावच्या लोकांना दिला. १९२५ मध्ये त्यासाठी खास कायदा झाला आणि मूळ स्थानाचं कायदेशीर संरक्षण मिळालेलं हे फ्रान्समधलं पहिलं चीज ठरलं. या गुहांत मुरलेल्या चीजलाच रोकफोर म्हणता येतं, म्हणजे ढासळलेल्या कड्याची हद्द हीच कायद्याची हद्द.

गुहांमध्ये ढेपा खरवडणं, उलटणं, गुंडाळणं ही कामं पिढ्यानपिढ्या बायकांनी केली. त्यांना 'कबान्येर' म्हणत. आज बरीचशी कामं यंत्रांवर गेली आहेत आणि बरेच कामगार सां-आफ्रिक, मियो अशा जवळच्या गावांतून सकाळी गाडीने येतात. संध्याकाळी रस्ता सामसूम. मेंढ्या दूध देतात साधारण डिसेंबर ते जुलै, त्यामुळे उन्हाळा संपताना कच्चं दूध बंद होतं, पण मुरवणं चालूच असतं.

वाटेत लागणारं लार्झाक पठार बसच्या खिडकीतून नीट पाहा. १९७१ मध्ये सरकारने इथली लष्करी छावणी ३,००० हेक्टरवरून १७,००० हेक्टरवर नेण्याचं ठरवलं. पुढच्या वर्षी १०३ शेतकऱ्यांनी जमीन न विकण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी त्यांच्या पाठीशी ला काव्हालरी गावात पंधरा दिवस उपोषणाला बसला तो लांझा देल व्हास्तो हा इटालियन विचारवंत. हा १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींकडे येऊन राहिला होता. 'शांतिदास' हे नाव त्याला गांधीजींनीच दिलं. शेतकऱ्यांनी आयफेल टॉवरखाली मेंढ्या चरायला सोडल्या, दहा वर्षं लढा रेटला आणि १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून येताच छावणीचा बेत रद्द झाला.

आता कामाचं. स्वेटर हाताशी ठेवा, बसच्या पोटातल्या बॅगेत नको. गुहेत पायऱ्या भरपूर आणि ओलसर, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगावं. पूर्ण शाकाहारी मंडळींनी लक्षात घ्यावं की हे दूध जनावराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने गोठवतात. चव घ्यायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावं. चीज कच्च्या दुधाचं असल्याने गरोदर स्त्रियांनी खाऊ नये. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारूनच या. दुकानात शिरताना 'बोंजूर' म्हणायला विसरू नका. दुपारी जेवणाच्या वेळी शटर खाली येतात, तेव्हा खरेदी बारापूर्वी उरका. पहिला घास चिमूटभरच घ्या, चीज चांगलंच खारट आणि उग्र असतं. सोबत पाव आणि अक्रोड असले की चव जमते. आणि विकत घेतलेलं चीज घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पुढचा प्रवास चाळीस जणांनी एकाच बंद बसमध्ये करायचा आहे.