हात की घास?

जून 2001 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील एका दैनिकाचे संपादक लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात कोमोडो ड्रॅगन या अजस्र सरड्याच्या पिंजऱ्यात शिरले, तेव्हा तिथल्या रक्षकाने त्यांना पायातले पांढरे बूट काढून ठेवायला सांगितले. ड्रॅगनला खायला पांढरे उंदीर दिले जात आणि बुटांनाही तो उंदीरच समजेल, अशी रक्षकाला धास्ती होती. बूट बाहेर राहिले आणि ड्रॅगनने उघडे पाऊलच जबड्यात धरले. तुटलेल्या कंडरा जोडण्यासाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्या क्षणी ड्रॅगनला नेमके काय वाटले, ते तोच जाणे. पण रक्षकाची शंका शास्त्रीयदृष्ट्या अगदी योग्य होती. सरडा पुष्कळदा रागाने चावत नाही, तर घास ओळखण्यात चुकल्यामुळे चावतो.

घरात पाळल्या जाणाऱ्या सरड्यांमध्ये ही चूक सर्वांत महागात पडते ती टेगूच्या बाबतीत. अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे हे मूळ प्रदेश असलेला काळा-पांढरा टेगू मीटरभराहून अधिक लांब वाढतो आणि अंडी, फळे, कीटक, उंदीर असे सगळेच खातो. दिसायला तो आपल्या घोरपडीसारखा असला तरी त्याचे कुळ वेगळे आहे. (घोरपड आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने ती पाळणे हा गुन्हा आहे, टेगू किंवा इग्वाना बाळगणाऱ्यालाही आता त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.) अमेरिकेत आणि युरोपात टेगू बराच लोकप्रिय आहे, कारण तो माणसाळतो आणि मांडीवर येऊन निवांत झोपतो. मात्र हाच प्राणी जेवणाच्या वेळी पेटीचे दार सरकताच हातावर झेप घेतो, आणि मालकाला वाटते की याचे डोके फिरले.

प्रत्यक्षात त्याचे डोके चोख काम करत असते. टेगूची दुभंगलेली जीभ चवीपेक्षा वासासाठी अधिक राबते. जीभ बाहेर लवलवते, हवेतले आणि जमिनीवरचे रासायनिक कण टिपते आणि ते टाळूच्या वर असलेल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोहोचवते. जिभेची दोन टोके वेगवेगळ्या जागचे कण उचलत असल्यामुळे वासाची वाट डावीकडे जाते की उजवीकडे, हेही त्याला कळते. कापसाच्या बोळ्याला भक्ष्याचा वास लावून तो सरड्याच्या तोंडापुढे धरायचा आणि जीभ किती वेळा बाहेर येते ते मोजायचे, असे प्रयोग अनेक जातींवर झाले आहेत. भक्ष्याच्या वासाला जीभ अधिक भराभर चालते आणि काही सरडे सरळ कापसाला चावतात. मग फ्रीजरमधून काढून नरम केलेला उंदीर बोटांनी उचलून तीच बोटे न धुता पेटीत घातली, तर आपण त्या कापसाच्या बोळ्याहून वेगळे कसे ठरणार? बिअर्डेड ड्रॅगन या दुसऱ्या पाळीव सरड्याचा भर मात्र वासापेक्षा डोळ्यांवर असतो. त्याची पिल्ले एकत्र ठेवली की ती एकमेकांच्या पायांची बोटे आणि शेपटीचे शेंडे तोडतात, कारण हलणारे बोट किड्यासारखेच दिसते. अशा पिल्लांवर वेगवेगळे ठेवण्यापलीकडे दुसरा इलाज नाही.

घाबरून होणारा हल्ला आणि भुकेचा हल्ला यांतला फरक नीट पाहिल्यास कळतो. घाबरलेला टेगू अंग फुगवतो, फुत्कारतो, शेपटीचा फटकारा मारतो. तो आपल्याला दूर लोटत असतो. भुकेला टेगू आवाज करत नाही. त्याची मान थोडी उंचावते, नजर एका बिंदूवर खिळते, जीभ झपझप चालते, मग ती क्षणभर थांबते आणि पुढच्याच क्षणी तो झेपावलेला असतो. जीभ थांबण्याचा तो क्षण ज्याला ओळखता येतो, त्याचा हात बहुधा वेळेवर मागे येतो.

खरा प्रश्न सवयीचा आहे, आणि ती सवय बहुतेक वेळा मालकानेच लावलेली असते. दार उघडले की हात येतो आणि हातातून घास येतो, हा क्रम टेगू पटकन शिकतो. त्यातही घरातल्या एखाद्याने लाडाने अधूनमधून हातून भरवले, तर ती सवय आणखी चिवट होते, कारण कधी मिळणारे आणि कधी न मिळणारे बक्षीस प्राण्याला सर्वांत जास्त काळ आशेवर ठेवते. म्हणून हाताने भरवणे पूर्ण बंद करावे आणि जेवणाची खूण हातापासून वेगळी करावी. त्यासाठी काठीच्या टोकाला लाल चेंडू बसवतात. टेगूने चेंडूला तोंड लावले की लांब चिमट्याने किंवा ताटलीतून घास द्यायचा. चेंडू दिसला नाही, तर काहीही द्यायचे नाही. काही आठवड्यांत चेंडू म्हणजे जेवण आणि नुसता हात म्हणजे साफसफाई, हा भेद बहुतेक टेगूंच्या लक्षात येतो. सरड्यांना एवढी अक्कल असते का, असे विचारणाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग ध्यानात घ्यावा: आफ्रिकेतील घोरपडीच्या आठ पिल्लांना पारदर्शक नळीत बंद केलेले भक्ष्य दाखवले गेले, तेव्हा नळीची झडप उघडण्याची युक्ती त्या सर्वांना पहिल्याच खेपेत दहा मिनिटांच्या आत साधली.

चिमटा बांबूचा किंवा टोकाला रबर असलेला असावा, कारण धातूवर दात आपटून तोंडाला इजा होते. आणि त्याच चिमट्याने पेटीतली घाण उचलू नये, नाहीतर खुणेचा अर्थ पुन्हा गढूळ होतो. जेवणासाठी टेगूला वेगळ्या खोक्यात न्यावे, असा जुना सल्ला आजही दिला जातो. मला तो फारसा पटत नाही. भुकेने पेटलेल्या प्राण्याला दोन्ही हातांनी उचलून नेण्यात आणि खाऊन उत्तेजित झालेल्या त्याच प्राण्याला पुन्हा उचलण्यात धोका घटत नाही, उलट वाढतो. तसेच झेप टाळण्यासाठी त्याला पोटभर उंदीर चारत राहणेही चूक आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या मानाने सरड्याला फारच कमी अन्न लागते, त्यामुळे तो लवकर लठ्ठ होतो. हिवाळी झोपेतून उठल्यावर मात्र टेगूची भूक खरोखरच वाढलेली असते, आणि त्या दिवसांत दार अधिक सावधपणे उघडावे.

इतके करूनही चावलाच, तर हात ओढू नये. घोरपडीची पकड म्हटले की आपल्याला सिंहगडाच्या कथेतली यशवंती आठवते. तिची पकड पंजांची होती, टेगूची मात्र जबड्यात असते आणि ओढताना त्वचा फाटते ती आपली. त्याचे चारही पाय जमिनीला टेकू द्यावेत, हात स्थिर ठेवावा आणि तोंडात धरलेला हात हा घास नाही हे त्याला उमगेपर्यंत थांबावे. सुटका झाल्यावर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवावी, आणि जखम खोल असेल तर डॉक्टरांकडे जाऊन सरडा चावल्याचे स्पष्ट सांगावे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू अनेकदा असतात, हे त्यांना औषध ठरवताना माहीत असलेले बरे.