व्यक्तिगत बायबल अभ्यास : सत्य, देवाचा न्याय आणि अंतसमय (नाशिक)

चर्चमधल्या उपासनेखेरीज घरी, नेमाने पवित्र शास्त्र वाचणे, त्यावर मनन करणे, टिपणे काढणे आणि एक वचन दुसऱ्याशी ताडून पाहणे, या प्रथेला मराठी ख्रिस्ती समाजात ‘बायबल अभ्यास’ किंवा नुसते ‘वचन वाचणे’ म्हणतात. नाशिकमध्ये शरणपूर, नाशिकरोड, देवळाली या भागांतल्या ख्रिस्ती घरांत ही प्रथा रुळलेली आहे. वाचन कोठूनही सुरू केले तरी ते तीन प्रश्नांपाशी पुन्हा पुन्हा येऊन थांबते : सत्य कशाला म्हणायचे, देव न्यायी आहे तर जगात अन्याय का, आणि या सगळ्याचा शेवट काय. शिकवताना हे तीन विषय वेगळे काढले जातात. प्रस्तुत नोंदीत ते एकत्र घेतले आहेत, कारण पवित्र शास्त्रात ते एकाच दोराचे पीळ आहेत. नाशिकचा इतिहास आणि इथली शेती ज्याला ठाऊक आहे त्याला तो पीळ लवकर सापडतो.

पार्श्वभूमी

चर्च मिशनरी सोसायटीने 1850 नंतरच्या दशकात नाशिक गावाबाहेर ख्रिस्ती वसाहत उभी केली, ती शरणपूर. आज शरणपूर रोड हा शहरातला गजबजलेला रस्ता आहे. नावाचा अर्थ, शरण आलेल्यांचे गाव, फार थोड्यांच्या लक्षात असतो. गुलामांची वाहतूक करणारी जहाजे ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे आणि सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवत असे. त्यांतली बरीच मुले शरणपूरला आली, इथल्या शाळेत लिहायला-वाचायला आणि सुतारकी-लोहारकीसारखे हातकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. स्कॉटिश मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेत वारले तेव्हा त्यांच्यावरचा दफनविधी त्याने वाचला आणि पुढे मृतदेहाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले त्या वेळी तो खांदेकऱ्यांत होता. नाशिकच्या शाळेत शिकलेल्या मुलाने परमुलखातल्या रानात, हातात पुस्तक धरून, मोठ्याने वाचलेले ते शब्द. इथल्या वाचनपरंपरेचा इतिहास सांगताना ही गोष्ट अग्रभागी यायला हवी.

वाचायला मराठी शास्त्र हाती असणे ही मात्र बरीच अलीकडची सोय. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 चे, पण ते बायबलचे भाषांतर नव्हे. बंगालमधल्या सेरामपूरहून विल्यम कॅरी यांनी 1811 मध्ये मराठी नवा करार छापला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. ते केडगावच्या मुक्ती मिशनमधून त्यांच्या मृत्यूनंतर, 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. आज प्रॉटेस्टंट घरांत बहुधा बायबल सोसायटीचे ‘पवित्र शास्त्र’ असते. कॅथलिक घरांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ही दिसते. त्याला 2013 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आहे. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तके असतात, कॅथलिक बायबलात 73.

एकट्याने वाचण्याचे मराठीतले सर्वांत ठळक उदाहरण नारायण वामन टिळकांचे. 1893 मध्ये नागपूरकडून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. वाचीन असा शब्द टिळकांनी दिला होता, तो त्यांनी पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले ते कायमचेच. 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पतीच्या या एका वाचनाने त्यांच्या संसारावर काय गुदरले, आणि नंतर त्यांनी स्वतःच्या विचाराने तोच रस्ता कसा धरला, हे ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. वाचन खाजगी असले तरी त्याचे परिणाम खाजगी राहत नाहीत, हे त्यावरून कळते.

सत्य

जुन्या करारात सत्यासाठी ‘एमेथ’ हा हिब्रू शब्द येतो. त्याच धातूपासून ‘आमेन’ आला आहे. मूळ अर्थ पक्के असणे, भार टाकला तरी न ढळणे. म्हणून बायबलमधले सत्य म्हणजे केवळ बरोबर माहिती नव्हे. ज्यावर विसंबता येते असे काही. प्रार्थनेच्या शेवटी सवयीने ‘आमेन’ म्हणणारा माणूस खरे तर ‘हे पक्के आहे’ असे म्हणत असतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची चौकशी करणारा रोमी सुभेदार पिलात विचारतो, सत्य काय आहे? आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर जातो. अभ्यास करणाऱ्याने थांबायचे असते, एवढाच फरक.

हे थांबणे कसे असते, याचा नमुना प्रेषितांच्या कृत्यांत, सतराव्या अध्यायात आहे. बिरुयातल्या लोकांनी पौलाचे बोलणे उत्सुकतेने ऐकले आणि ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते रोज शास्त्र तपासत राहिले. साक्षात प्रेषिताचे बोलणे तपासले, आणि त्याबद्दल त्यांची तारीफ झाली आहे. पाळकाचा (धर्मगुरूचा) संदेश घरी येऊन पुन्हा वाचून पाहणे हा अनादर नाही, हे इथे स्पष्ट व्हावे.

तपासायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसाची वाट पाहतो असे आहे. नाशिकचा वाचक पहिला पाऊस म्हटले की जून धरतो आणि शेवटचा म्हणजे परतीचा. पॅलेस्टाइनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, त्याने नांगरट होते. शेवटचा मार्च-एप्रिलचा, त्याने दाणा भरतो. मार्च-एप्रिलचा पाऊस म्हणजे आपल्याकडे अवकाळी, गारपीट, द्राक्षघडांचा चिखल. निफाड-दिंडोरीच्या बागाइतदाराला ज्या महिन्यातल्या ढगांनी झोप येत नाही, त्याच महिन्यातला पाऊस तिथे देवाचा आशीर्वाद म्हणून मागितला जातो. वचन आधी त्याच्या स्वतःच्या मुलखात नीट वाचल्याशिवाय आपल्या अंगणात आणले, तर असे उलटे होते. वहीत समासात एवढीच नोंद करावी : कोणता मुलूख, कोणाला लिहिले, आधी काय, नंतर काय.

देवाचा न्याय

मराठीत ‘न्याय’ हा एकच शब्द दोन कामे करतो. अन्याय दूर होणे हाही न्याय, आणि न्यायाधीशाने निवाडा देणे हाही न्याय. हिब्रू ‘मिश्पाट’ही असाच दुहेरी आहे. पण ‘न्यायाचा दिवस’ हा शब्दप्रयोग कानावर आला की आपल्याला आधी दुसरा अर्थ आठवतो, पिंजऱ्यात उभे राहणे आठवते, आणि भीती वाटते. स्तोत्रसंहितेतले 98 वे स्तोत्र वाचावे. परमेश्वर न्याय करायला येत आहे म्हणून नद्या टाळ्या वाजवतात, डोंगर आनंदाने गातात. ज्याचा बांध कोणी कोरला आहे, ज्याची केस वर्षानुवर्षे तारखांवर तारखा खात पडली आहे, त्याला न्यायाधीश आल्याची बातमी ही आनंदाचीच असते. या स्तोत्राने न्यायाच्या दिवसाची भीती पूर्ण जात नाही, जाऊही नये. पण ती कोणाला असावी हे नीट कळते.

शास्त्रातले लोक देवाला न्यायाबद्दल जाब विचारतात, ही गोष्ट नव्या वाचकाला चकित करते. नाश ओढवलेल्या सदोम शहरासाठी रदबदली करताना अब्राहाम विचारतो, साऱ्या जगाचा न्यायाधीश न्यायाने वागणार नाही काय? ईयोब तर फिर्यादच मांडतो. संदेष्टा हबक्कूक म्हणतो, किती वेळ हाक मारू? हे प्रश्न खोडून टाकलेले नाहीत, शास्त्र म्हणून जपले आहेत. आपल्या मनातला तसाच प्रश्न दाबून ठेवून वाचणारा अर्धेच वाचतो.

यशयाच्या पाचव्या अध्यायातले द्राक्षमळ्याचे गीत नाशिकमध्ये जितके जवळून वाचता येते तितके फार थोड्या ठिकाणी येत असेल. मालकाने सुपीक टेकडीवर दगड वेचून जमीन साफ केली, उत्तम वेल लावला, माळा बांधला, कुंड खोदले. आणि वेलाला रानद्राक्षे लागली. गीताच्या शेवटी हिब्रूत शब्दांचा खेळ आहे : ‘मिश्पाट’ची, न्यायाची अपेक्षा होती, मिळाला ‘मिस्पाख’, रक्तपात, ‘त्सदाका’ची, नीतिमत्त्वाची अपेक्षा होती, ऐकू आली ‘त्सआका’, आकांताची हाक. भाषांतरात हा खेळ हरवतो. मात्र एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, फवारण्या, थिनिंग (मणी विरळ करणे), आणि एवढे करून बाग फेल गेलेली ज्याने पाहिली आहे, त्याला मालकाच्या आवाजातला कढ समजावून सांगावा लागत नाही.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला दाखला तर थेट मजुरांचा. पहाटे ठरलेला रोज एक दिनार. मालक पुन्हा नवाला, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला नाक्यावर जातो. ‘तुम्ही दिवसभर रिकामे का उभे?’ ‘आम्हांला कोणी कामावर लावले नाही.’ संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच दिनार. हंगामात पेठ-सुरगाण्याकडून बागांवर येणाऱ्या टोळ्यांना हा हिशेब सांगितला तर पहाटे लागलेल्यांची कुरकुर त्यांना लगेच पटेल. पण पाचपर्यंत उभा राहिलेला माणूस त्यांनीच पाहिलेला असतो, बहुधा म्हातारा किंवा अंगाने किरकोळ. एक दिनार म्हणजे एका घराची एका दिवसाची भाकरी. मालकाने कामाचे तास मोजले नाहीत, घरातली चूल मोजली. देवाचा न्याय तराजूने समजत नाही, असे जे म्हणतात ते इथे तपासून पाहावे. तराजू आहे, फक्त पारड्यात वेगळे काही ठेवले आहे.

न्याय हा शब्द नाशिकमध्ये उच्चारताना 2 मार्च 1930 विसरता येत नाही. त्या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुढे 13 ऑक्टोबर 1935 ला जिल्ह्यातल्याच येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. तो लढा ख्रिस्ती नव्हता आणि त्यावर ख्रिस्ती मालकी सांगणे चूक ठरेल. पण ज्या गावात दारे बंद होती, तिथे आमोस संदेष्ट्याचे ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ हे मागणे वाचताना आपल्या मंडळीतही (चर्चमध्येही) जात किती शिल्लक आहे, हे वाचकाने स्वतःला विचारणे भाग आहे.

अंतसमय

ख्रिस्ताचे दुसरे आगमन, मृतांचे पुनरुत्थान, शेवटचा न्याय, नवे आकाश आणि नवी पृथ्वी, एवढ्यावर बहुतेक ख्रिस्ती परंपरांचे एकमत आहे. मतभेद क्रमाबद्दल. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातली ख्रिस्ताच्या राज्याची हजार वर्षे त्याच्या आगमनानंतरची, आधीची, की सध्याच्याच मंडळीच्या काळाचे रूपक, यावर तीन जुनी मते आहेत. संत ऑगस्टिनपासून तिसऱ्याचा जोर राहिला. आगमनाआधी विश्वासणारे गुपचूप स्वर्गात उचलले जातील हे आज पुष्कळ सभांत ऐकू येणारे मत मात्र एकोणिसाव्या शतकातले, जॉन नेल्सन डार्बी यांच्यापासून पसरलेले आहे.

तारखा काढण्याचा इतिहास निराशेचा आहे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ची वाट पाहिली. दिवस उजाडला आणि मावळला. मार्काच्या तेराव्या अध्यायात तो दिवस पुत्रालाही, म्हणजे येशूलाही ठाऊक नाही असे स्वच्छ म्हटले आहे; तरी दर युद्धाला, दर साथीला नवा हिशेब निघतो, आणि प्रकटीकरणातल्या श्वापदाची खूण कधी बारकोडात तर कधी लशीत शोधली जाते. त्या श्वापदाचा 666 हा आकडा हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या ‘नेरोन कैसर’ (रोमी सम्राट नीरो) या नावातल्या अक्षरांच्या किमतीच्या बेरजेशी जुळतो. काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे, आणि तोही त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतो. पहिल्या वाचकांना छळणारी सत्ता कोणती होती, हे त्यावरून दिसते. दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरणाऱ्या या शहरात काळ फिरून येतो अशी जाणीव खोल आहे. बायबलमधला काळ एका मुक्कामाकडे चालतो, हा फरक शेजाऱ्याशी बोलताना आदराने सांगता येतो.

प्रकटीकरण आकड्यांनी वाचण्यापेक्षा त्यातली हाक ऐकत वाचावे, असे या नोंदीचे मत आहे. सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्म्यांचे जीव हबक्कुकाचाच प्रश्न विचारतात : कोठवर? अठराव्या अध्यायात बाबेल, जुलमी सत्तेचे प्रतीक असलेले शहर, पडते आणि व्यापारी आपल्या मालासाठी रडतात. यादी लांब आहे : सोने, रुपे, मोती, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरे, मेंढरे, घोडे, रथ; आणि सगळ्यांत शेवटी माणसे, माणसांचे जीव. शरणपूरची मुले ही त्याच यादीची शेवटची ओळ होती. योहानाने पात्मस बेटावर लिहिलेली ही ओळ शरणपूरच्या वर्गात कोणी वाचली असेल तर तिथे बाबेल कोण, हे समजावून सांगायची गरज पडली नसेल. याकोबही दडपून ठेवलेल्या मजुरीच्या ओरडण्यानंतर लगेच प्रभूच्या येण्याबद्दल लिहितो. न्याय बाजूला काढला की अंतसमयाच्या शिकवणुकीत उरते ती नुसती बेरीज-वजाबाकी.

प्रथेचे स्वरूप

बहुतेक जण सकाळी, घर उठायच्या आधी वाचतात. शास्त्र, वही, पेन्सिल. अलीकडे फोनवरचे बायबल आणि प्रवासात ऐकायचे वाचन. वहीचे पान बहुधा तीन भागांचे असते : काय लिहिले आहे, अर्थ काय, मला काय करायचे आहे. अडलेले प्रश्न आठवड्याच्या प्रार्थनासभेत किंवा गृहसभेत नेतात, आणि ते न्यावेतच. एकट्याने वाचणे म्हणजे एकट्याचेच खरे मानणे नव्हे.

प्रॉटेस्टंट बायबलचे 1,189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच असा नेम धरला तर वर्षात पूर्ण होतात. जानेवारीत उत्पत्तीपासून ओळीने निघालेला वाचक प्रकटीकरणाच्या 22 अध्यायांपाशी येतो तो नेमका नाताळच्या आठवड्यात. बाहेर कॅरोल गाणारी मुले दारात उभी असतात आणि वहीच्या शेवटच्या पानावर ‘ये, प्रभू येशू’ ही शास्त्रातली अखेरची प्रार्थना उतरवायची राहिलेली असते.