बटण ढिम्म हलत नाही तेव्हा

जेक्वेरी, म्हणजे वेबपानं हलवणारी जावास्क्रिप्टची तयार लायब्ररी, बिघडते ती दोन तऱ्हांनी: कधी बोंबलून, कधी मुकाट्याने. बोंबलली तर निम्मं काम झालं समजा. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबायचं, कन्सोल उघडायचा आणि तांबड्या अक्षरांतली ओळ वाचायची; कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर गाडं अडलं ते शेजारीच लिहिलेलं असतं. नवशिके फसतात ते दुसऱ्या तऱ्हेत. बटण दाबून दाबून बोट दुखतं, पान ढिम्म हलत नाही आणि कन्सोलही कोरा.

हा मुकेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. जॉन रेसिग यांनी २००६ साली न्यूयॉर्कमध्ये ही लायब्ररी मांडली तेव्हा ब्राउझरांचं आपसात पटत नव्हतं. साधा क्लिक ऐकायचा तर इंटरनेट एक्सप्लोररला 'अटॅच-इव्हेंट' सांगावं लागे, फायरफॉक्सला 'ॲड-इव्हेंट-लिसनर'. जेक्वेरीने असे सगळे भेद पोटात घातले आणि आपल्याला दोनच कामं ठेवली: पानावरच्या वस्तू निवडा, मग त्यांचं काय करायचं ते सांगा. निवडीतून हाती येतो तो नेहमी एक संच. त्यात पाच वस्तू असोत, एक असो वा एकही नसो, हुकूम तोच. 'सगळ्या सूचना लपवा' म्हटलं आणि पानावर सूचनाच नसतील, तर तक्रार कशाला करायची? सोय उत्तम आहे. पण आयडीचं एक अक्षर चुकलं तरी हाच न्याय लागतो: संच रिकामा, काम शून्य, एरर नाही. निव्वळ जावास्क्रिप्टने तिथे 'नल'च्या (म्हणजे 'काहीच सापडलं नाही'च्या) नावाने लगेच शंख केला असता.

म्हणून मुकं पान समोर आलं की आधी शिरगणती करायची. कन्सोलमध्ये तीच निवड टाइप करून पुढे 'डॉट लेंग्थ' लावा. इथे डॉलर चिन्हाऐवजी (ते जेक्वेरीचं छोटं नाव) 'जेक्वेरी' हे पूर्ण नाव लिहिलेलं बरं, कारण पानावर जेक्वेरी नसेल तर क्रोमचा कन्सोल स्वतःचाच एक डॉलर पुढे करतो आणि आपल्याला वाटतं लायब्ररी चढली आहे. शून्य आलं तर नाव चुकलंय, किंवा नावाआधीचा हॅश (आयडीसाठी) वा टिंब (क्लाससाठी) राहिलाय.

एक आलं तरी हुरळून जायचं नाही. कन्सोलमध्ये आपण विचारतो तेव्हा पान पूर्ण उभं असतं. कोड चालला तेव्हा ते तसं होतं का, हा खरा प्रश्न. ब्राउझर एचटीएमएल वरून खाली वाचत येतो आणि वाटेत साधा स्क्रिप्ट टॅग लागला की थांबून तो चालवतो. स्क्रिप्ट हेडमध्ये आणि बटण बॉडीत असेल, तर स्क्रिप्टच्या लेखी बटण अजून जन्माला यायचंय. पान उभं राहीपर्यंत कोड थांबवणारी 'रेडी'ची सोय त्यासाठीच आहे. लेंग्थ कोडच्या आतूनच कन्सोल-लॉगने छापली की दूध का दूध होतं.

आता किराण्याच्या यादीचं एक पान घ्या. साखर, पोहे, शेंगदाणे अशा तीन ओळी, प्रत्येकीपुढे 'काढा' बटण. तिन्ही बटणं चालतात. 'वाढवा' दाबून गूळ घातला, ओळ दिसली, तिचं 'काढा' मात्र मख्ख. लेंग्थ विचारली तर चार! गोम अशी की 'ऑन क्लिक' बांधलं तेव्हा संचात तीनच बटणं होती. चौथ्याला कोणी काही सांगितलेलंच नाही. यावर क्लिक बटणांवर न बांधता सबंध यादीवर बांधायचा, आणि 'ऑन'च्या कंसात 'क्लिक' व फंक्शन यांच्या मधे 'काढा' बटणाचा सिलेक्टर, म्हणजे ते निवडायची खूण, द्यायचा. क्लिक बटणावर झाला तरी तो आईबाप घटकांकडे वर वर चढत यादीपर्यंत पोचतोच. तिथे जेक्वेरी तो अडवते, आला कुठून ते बघते आणि फंक्शन चालवते. सोसायटीत नवा बिऱ्हाडकरू आला म्हणून गेटवर नवा वॉचमन नेमत नाहीत, तसंच हे. जेक्वेरीतलं एकच काही शिकायचं असेल तर मी हे शिका म्हणेन. क्लिकचं असं वर चढणं मुळात ब्राउझरचं आहे, त्यामुळे उद्या लायब्ररी सोडली तरी ते कामाला येतं.

याच कामासाठी जुन्या धड्यांत 'लाइव्ह' सापडतं. २०१३ च्या १.९ आवृत्तीत ते काढून टाकलं, त्यामुळे ते उतरवून घेतलं की 'इज नॉट अ फंक्शन' ठरलेलं.

बोंबलणाऱ्या एररांत पहिला मान 'डॉलर इज नॉट डिफाइन्ड'चा. जेक्वेरीची फाइल आलीच नाही (नेटवर्क टॅबमध्ये ४०४ दिसेल), किंवा आपला कोड तिच्या आधी लावलाय. वर्डप्रेसमध्ये तिसरं कारण असतं: तिथे इतर लायब्ऱ्यांशी भांडण नको म्हणून डॉलर मोकळा सोडलेला असतो, पूर्ण नावानेच हाक मारावी लागते. स्लायडर 'फंक्शन नाही' म्हणत असेल तर पानाचा सोर्स उघडून जेक्वेरी दोनदा चढवलीय का ते पाहा. दुसरी प्रत पहिलीच्या नावावर बसते, आणि प्लगइन जोडलेलं असतं पहिलीला. अजॅक्स (पान पुन्हा न उघडता सर्व्हरकडून माहिती आणणं) गायब असेल तर हाती 'स्लिम' आवृत्ती आलेली असते. तीत अजॅक्स आणि ॲनिमेशन दोन्ही नसतात.

नवं पान कोरं लिहायचं तर आज जेक्वेरीवाचून अडत नाही. बूटस्ट्रॅप या पानं सजवायच्या लायब्ररीनेही २०२१ साली पाचव्या आवृत्तीत तिची गरज संपवली. पण चालू साइट सांभाळायला मिळाली तर ती भेटणारच. ऑगस्ट २०२० मध्ये वर्डप्रेस ५.५ ने 'जेक्वेरी मायग्रेट' ही जुना कोड चालता ठेवणारी मदतनीस फाइल काढून टाकली, तेव्हा जुन्या थीमचे मेनू आणि स्लायडर कितीतरी ठिकाणी बंद पडले होते. अशी साइट हातात आली की कन्सोलमध्ये 'जेक्वेरी डॉट एफएन डॉट जेक्वेरी' टाइप करून आवृत्ती बघून घ्या आणि आवृत्ती चढवताना मायग्रेट सोबत लावा. ती घ्यायची मात्र न आवळलेली (नावात 'मिन' नसलेली), डेव्हलपमेंटची प्रत. आवळलेल्या प्रतीत ती जुना कोड गुपचूप चालवून घेते, या प्रतीत कुठलं फंक्शन कालबाह्य झालंय ते कन्सोलमध्ये नावानिशी छापते.