हवाई संक्षोभ आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या दुखापती

विमानाभोवतीचा हवेचा प्रवाह एकाएकी वेडावाकडा झाला की विमानाला हादरे बसतात. यालाच हवाई संक्षोभ किंवा रोजच्या बोलण्यात टर्ब्युलन्स म्हणतात. जुने प्रवासी अजूनही ‘एअर पॉकेट’ म्हणतात. खड्ड्यांची सवय असलेल्या पुणेकराला ही कल्पना चटकन पटते, पण ती चुकीची आहे. आकाशात हवा नसलेली पोकळी नसते. हवा असतेच, ती वर किंवा खाली धावत असते आणि विमानालाही सोबत नेते. अशा हादऱ्यांनी आजचे विमान सहसा मोडत नाही. हाडे मोडतात ती आतल्या माणसांची, आणि बहुधा त्या वेळी उभ्या असलेल्यांची. अमेरिकेत २००९ ते २०२२ या काळात संक्षोभामुळे १६३ जणांना गंभीर इजा झाल्या. त्यांपैकी १२९ जण विमान कर्मचारी होते.

पुण्याचा लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला पठारावर आहे. मार्च ते मे दरम्यान दुपारी जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठतात आणि चढताना-उतरताना विमान डुचमळते. हा प्रकार बहुतेक वेळा फक्त त्रासदायक असतो. वळवाच्या ढगांची गोष्ट वेगळी. त्यांच्या पोटात वर जाणारे आणि खाली कोसळणारे प्रवाह अगदी शेजारी-शेजारी असतात, म्हणून वैमानिक त्यांना लांबून वळसा घालतात. विमानातल्या रडारला पाण्याचे थेंब आणि गारा दिसतात, नुसती हवा दिसत नाही. त्यामुळे निरभ्र आकाशातला संक्षोभ त्याच्या नजरेतून सुटतो. हिवाळ्यात पुण्याहून दिल्लीकडे जाताना उत्तर भारतावरील वेगवान पश्चिमी झोताजवळ, म्हणजे खूप उंचावरून वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्याजवळ, तो भेटू शकतो. पुढे गेलेल्या विमानाने रेडिओवर दिलेला इशारा हाच तिथे मोठा आधार.

उड्डाणापूर्वी कॅप्टन केबिन क्रूला हादरे कधी, किती वेळ अपेक्षित आहेत ते सांगतो. सौम्य हादऱ्यांत काम जपून चालू राहते. ते वाढले की चहा-कॉफी देणे थांबवायचे, ट्रॉली गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, नेऊन अडकवायची आणि जंपसीटवर, म्हणजे क्रूच्या घडीच्या आसनावर, पट्टे बांधून बसायचे. तीव्र हादरा अचानक आलाच, तर ट्रॉलीला जागीच ब्रेक लावायचा, गरम पाण्याची भांडी जमिनीवर ठेवायची आणि मिळेल त्या आसनावर, नाहीतर खालीच, बसून काहीतरी घट्ट धरायचे. इथे ‘आधी प्रवासी’ हा संस्कार आड येतो. कुणाचा पट्टा सुटलेला दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. भरलेली ट्रॉली शंभर किलोच्या घरात जाते. ती उसळून परत आदळली तर घोटा किंवा पाठ जायबंदी होते. मागच्या गॅलीत हादरे अधिक जाणवतात, आणि क्रूची बरीचशी उभ्याने होणारी कामे तिथेच चालतात.

हाताशी वेळ किती असतो, ते २१ मे २०२४ च्या लंडन–सिंगापूर उड्डाणावरून कळते. म्यानमारवरून जाताना पट्टे बांधण्याचा दिवा लागला आणि साधारण आठ सेकंदांत विमान जोरात खाली ओढले गेले. पाच सेकंदांहून कमी वेळात ते १७८ फूट खाली आले. पट्टा न बांधलेली माणसे आधी छताकडे फेकली गेली आणि मग खाली आदळली. आठ सेकंदांत ट्रॉली गॅलीपर्यंतही पोचत नाही. त्याआधी १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला उतरणाऱ्या विमानात १४ प्रवासी आणि तीन केबिन कर्मचारी जखमी झाले होते.

आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, नाक आणि हातापायांच्या बोटांची साधी मोड वगळता, कोणतेही हाड मोडणे ही गंभीर इजा ठरते. म्हणजे विमानावर ओरखडाही नसताना हवाईसेविकेचा घोटा मोडला, तर त्या घटनेची नोंद ‘अपघात’ म्हणून होते.

यावरचे उपाय साधे आहेत आणि गिऱ्हाइकाला न आवडणारे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०२१ मध्ये सुचवले की विमान उतरताना क्रूने बरेच आधी बसावे. कोरियन एअरने ऑगस्ट २०२४ पासून इकॉनॉमी वर्गातले गरम नूडल्स बंद केले. पुणे–बंगळूरु किंवा पुणे–हैदराबादसारख्या छोट्या पल्ल्यावर वर स्थिरावून उडण्याचा वेळ मुळातच थोडा असतो. क्रूला लवकर बसवायचे तर काही सँडविचे विकली जाणार नाहीत. हा सौदा महाग म्हणता येत नाही.

रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ मधील अभ्यासानुसार, उत्तर अटलांटिकवरील एका ठिकाणी निरभ्र आकाशातील तीव्र संक्षोभाचा वार्षिक कालावधी १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढला. पुण्याचे या विषयाशी नाते जुने आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून इथे आले, म्हणून शिवाजीनगरचा तो चौक अजून ‘सिमला ऑफिस’च्या नावाने ओळखला जातो. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘कायपीक्स’ प्रयोगात तर उपकरणे बसवलेले विमान वाढत्या ढगांमध्ये मुद्दाम शिरवून मोजमापे घेतली. त्या विमानात चहाची ट्रॉली अर्थातच नव्हती.