मोनार्क फुलपाखराचे स्थलांतर

उत्तर अमेरिकेतील मोनार्क (डॅनॉस प्लेक्सिपस) या नारिंगी-काळ्या फुलपाखराचा कॅनडाचा दक्षिण भाग व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथून मध्य मेक्सिकोतील डोंगरांपर्यंत होणारा वार्षिक प्रवास. काही फुलपाखरे ४,००० किमी.हून अधिक अंतर कापतात. रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडील मोनार्क मुख्यतः कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात.

महाराष्ट्रात रुईवर वाढणारा बिबळ्या कडवा याच डॅनॉस प्रजातीतील (जातींच्या गटातील) असून ‘कडवा’ हे नाव मोनार्कलाही शोभेल. मोनार्कची अळी रुईच्याच कुळातील मिल्कवीड वनस्पतींवर जगते. त्यांच्या चिकातील कार्डेनोलाइड ही विषारी द्रव्ये तिच्या शरीरात साठतात आणि पुढे फुलपाखरू पक्ष्यांना कडू लागते. उन्हाळी पिढ्यांतील फुलपाखरे काही आठवडेच जगतात. शरद ऋतूत निपजणारी पिढी मात्र प्रजनन लांबणीवर टाकून आठ महिन्यांपर्यंत तग धरते. तीच दक्षिणेस जाते व मार्चमध्ये परतीला निघून टेक्सासच्या आसपास अंडी घालते. उत्तरेपर्यंतचा उरलेला पल्ला तिची मुले-नातवंडे गाठतात, त्यामुळे पुढील हिवाळ्यात मेक्सिकोत उतरणाऱ्या एकाही फुलपाखराने ते रान आधी पाहिलेले नसते. दिशा सूर्यावरून ठरते. सूर्य सरकत असल्याने त्याला वेळेची जोड लागते आणि हे घड्याळ मिशांमध्ये असते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिशांना काळा रंग लावलेली फुलपाखरे भलत्याच दिशेला वळली, तर पारदर्शक लेप लावलेल्यांची दिशा चुकली नाही.

उगम : स्थलांतर किती जुने, याविषयी मतभेद आहेत. डॅनॉस प्रजातीतील बहुतेक जाती उष्ण कटिबंधातील असल्याने मोनार्कही तेथूनच उत्तरेस पसरला असावा, असे पूर्वी मानले जाई. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ डिक व्हेन-राइट यांनी १९९३ मध्ये ‘कोलंबस गृहीतक’ मांडले. युरोपीय वसाहतींनंतर जंगले तुटली, मोकळ्या जमिनीवर मिल्कवीड फोफावले आणि आजचे प्रचंड स्थलांतर एकोणिसाव्या शतकाच्या सुमारास आकारास आले, असा त्याचा आशय. मोनार्कचे अमेरिकन अभ्यासक लिंकन ब्राउअर यांनी त्यास विरोध केला. संयुक्त संस्थानांच्या मध्यभागातील गवताळ प्रदेशांत मिल्कवीड त्याआधीही होतेच, असा आक्षेप घेता येतो. २०१४ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या सुमारे शंभर फुलपाखरांच्या जनुकसंचांची तुलना झाली. तीनुसार मोनार्कचे मूळ उत्तर अमेरिकेतच असून स्थलांतर हीच मूळ अवस्था आहे. दक्षिण अमेरिका, अटलांटिकपार व पॅसिफिक बेटांवरील स्थिर समूह तिच्यापासून वेगवेगळ्या वेळी फुटले. स्थलांतरी व स्थिर समूहांतील ठळक फरक उड्डाणस्नायूंशी संबंधित कोलॅजन या प्रथिनाच्या एका जनुकात आढळला. त्यामुळे स्थलांतर प्राचीन आहे, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. पॅसिफिक बेटांवरील प्रसार मात्र बहुधा एकोणिसाव्या शतकातलाच. व्हेन-राइट यांची मांडणी तेवढ्यापुरती टिकून आहे.

मागोवा : टोरांटोचे फ्रेड व नोरा अर्कहार्ट या दांपत्याने मोनार्क कोठे जातात हे कळावे म्हणून त्यांच्या पंखांवर चिकटपट्ट्या लावण्यास सुरुवात केली. टपाल तिकिटासारख्या डिंकाच्या पट्ट्या पावसात गळून पडल्या. मग दुकानात काचसामानावर लावतात तसल्या किमतीच्या चिठ्ठ्यांचा प्रकार वापरला आणि तो टिकला. १९५२ पासून हौशी स्वयंसेवक या कामात आले. त्यांपैकी केन ब्रगर व कातालिना आग्वादो यांना जानेवारी १९७५ मध्ये मेक्सिकोतील सेर्रो पेलोन डोंगरावर हिवाळी वस्ती दिसली. हा ‘शोध’ बाहेरच्यांपुरताच. फुलपाखरे नोव्हेंबरच्या आरंभी, मृतांच्या स्मरणदिनाच्या सुमारास येतात, हे तेथील मासाव्हा आदिवासी व इतर रहिवाशांना ठाऊकच होते. पुढील वर्षी अर्कहार्ट स्वतः तेथे गेले असता फुलपाखरांच्या भाराने एक फांदी मोडून खाली आली. त्या ढिगात एका पंखावर पांढरी चिठ्ठी होती. ती मिनेसोटातील एका शिक्षकाने विद्यार्थ्यांसह लावलेली निघाली. १९९२ मध्ये कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला ‘मोनार्क वॉच’ हा उपक्रम आजही मागच्या पंखावर छोटी गोल चिठ्ठी लावतो. अलीकडे सुमारे ६० मिलिग्रॅम वजनाचे, सौरऊर्जेवर चालणारे रेडिओ प्रेषकही वापरात आले आहेत. फुलपाखराचे स्वतःचे वजन अर्धा ग्रॅमच्या आसपास असते, हे ध्यानात घेता हा भारही थोडा नव्हे.

संख्या व संरक्षण : फुलपाखरे मोजली जात नाहीत, त्यांनी व्यापलेले रान मोजले जाते. १९९६–९७ च्या हिवाळ्यात ते सुमारे १८ हेक्टर, २०१३–१४ मध्ये ०.६७ हेक्टर, तर २०२३–२४ मध्ये ०.९ हेक्टर भरले. एका हेक्टरात किती फुलपाखरे धरावीत यावर एकमत नाही. एक कोटीपासून पाच कोटींपर्यंत अंदाज दिले गेले असून २०१७ मधील फेरतपासणीत सुमारे २.१ कोटी हा आकडा आला. म्हणून एकूण संख्येपेक्षा हेक्टरांची तुलना अधिक भरवशाची. घसरणीचे कारण म्हणून अमेरिकेतील मका-सोयाबीनच्या शेतांत ग्लायफोसेट तणनाशकाने नष्ट झालेले मिल्कवीड पुढे केले जाते. परंतु संग्रहालयांतील नमुन्यांवरून ही घट विसाव्या शतकाच्या मध्यापासूनची असावी, असेही एक मत आहे.

हिवाळी वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मी. उंचीवर, ओयामेल फर या सूचिपर्णी वृक्षांवर असते. दाट रान पाऊस अडवते व रात्रीची ऊब राखते. भिजलेले फुलपाखरू कोरड्यापेक्षा कमी गारठ्यातच गोठते, म्हणून विरळ तोडही घातक ठरते. जानेवारी २००२ च्या वादळात काही वस्त्यांतील तीन-चतुर्थांशांच्या आसपास फुलपाखरे मेली. मेक्सिकोने १९८० पासून टप्प्याटप्प्याने संरक्षण दिले. २००० मध्ये राखीव क्षेत्र ५६,२५९ हेक्टर झाले आणि २००८ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले. बरीचशी जमीन गावांच्या सामायिक मालकीची असल्याने तोडबंदीचा भार प्रथम गावकऱ्यांवर पडला.

उत्तरेत घराघरांतून मिल्कवीड लावण्याची मोहीम चालते. तिच्यात आपल्याकडे बागेत हळदीकुंकू म्हणून लावले जाणारे ॲस्क्लेपियास कुरासाव्हिका हेही लोकप्रिय झाले. अमेरिकेच्या उबदार दक्षिण भागात ते हिवाळ्यातही हिरवे राहते. फुलपाखरे तेथेच रेंगाळतात आणि एका एकपेशीय परजीवीची बीजुके पानांवर साठत जातात. त्यामुळे स्थानिक जातीच लावाव्यात व हळदीकुंकू लावलेले असल्यास शरद ऋतूत ते जमिनीलगत छाटावे, अशी शिफारस केली जाते.