दहा प्लायचा टायर आणि पिकअपचं खरं वजन

पिकअपला जाड टायर बसवायला गेलं की दुकानात ठरलेला सल्ला मिळतो: ‘दहा प्लाय घ्या, दगडावर फाटणार नाही.’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. दहा प्लाय म्हणजे आत दहा थर नसतात. टायरमध्ये सुती दोरा वापरत, तेव्हाची ही मोजणी आहे; आता ती फक्त ताकदीची श्रेणी सांगते. आजच्या ‘दहा प्लाय’ टायरच्या बाजूत पॉलिस्टरचे बहुधा दोन किंवा तीनच थर सापडतील. नेमका आकडा बाजूवरच बारीक अक्षरात कोरलेला असतो. अणकुचीदार दगडाच्या घाटवाटेवर जायचं असेल, तर हा आकडा आधी वाचावा.

वजन मुख्यतः पेलते ती आतली हवा. टायर हे त्या हवेचं भांडं. भांडं मजबूत असेल तर हवा जास्त दाबाने भरता येते आणि तेवढं वजन जास्त पेलतं. हलक्या ट्रकांसाठीच्या ‘एलटी’ टायरांच्या नेहमीच्या मापांत सी श्रेणीला (सहा प्लाय) कमाल ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक), डी श्रेणीला ६५ आणि ई श्रेणीला (दहा प्लाय) ८० पीएसआय दाब धरलेला असतो. एलटी २६५/७० आर १७ हे माप घ्या: रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ७० टक्के, रिम १७ इंची. सी श्रेणीत त्याचा लोड इंडेक्स (भारक्षमतेचा सांकेतिक आकडा) ११२, म्हणजे एका टायरवर ११२० किलो. ई श्रेणीत १२१, म्हणजे १४५० किलो. पण ई टायरमध्ये ५० पीएसआयच हवा भरली तर तोही ११२० किलोच पेलतो. जास्तीचे पैसे मोजून घेतलेली क्षमता हवा भरल्याशिवाय मिळत नाही.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथेच. कंपनीने दिलेले साधे, म्हणजे प्रवासी गाडीच्या प्रकारचे, टायर काढून एलटी बसवतात आणि दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलाच दाब भरतात. तो दाब मूळ टायरसाठी असतो. याच मापाचा ११५ इंडेक्सचा साधा टायर ३५-३६ पीएसआयवर १२१५ किलो पेलतो, एलटी तेवढ्या दाबावर बराच कमी. मग भरल्या हौद्याने हायवेवर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडते, रबर तापतं आणि शेवटी ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर, सुटून येतो.

म्हणून आधी वजन करा. पाणी, डिझेल, तंबू, माणसं, सगळं चढवून गाडी वजनकाट्यावर न्यावी. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यावीत, मग फक्त मागची. समजा मागच्या एक्सलवर १७०० किलो भरले. निम्मे ८५०, पण सामान दोन्ही बाजूंना सारखं नसतं, म्हणून एका चाकावर ९०० धरा. तिरक्या उतारावर खालच्या चाकावर भार वाढतो, खड्ड्यात आदळताना क्षणभर फार वाढतो. वीस टक्के राखीव धरले की १०८० किलो, म्हणजे इंडेक्स किमान १११.

टोयोटा हायलक्सच्या २६५/६५ आर १७ मापात ११२ इंडेक्सचा साधा टायर यात बसतो असं वाटेल. पण अमेरिकी प्रमाणांनुसार प्रवासी गाडीचा टायर पिकअपला लावताना त्याची क्षमता १.१० ने भागतात. ११२० चे उरतात १०१८, आणि राखीव कमी पडतं. इथे सी श्रेणीचा एलटी पुरतो. ई टायर प्रत्येकी काही किलो जड असतो आणि रिकाम्या गाडीखाली दगडासारखा कडक राहून उड्या मारतो. हौद्यावर कायमचा कॅम्पर (राहण्याची खोली) नसेल, तर मला सी श्रेणीच योग्य वाटते. सी मिळाला नाही तर ई घ्यावा, मात्र ८० नाही, तर टायर कंपनीच्या तक्त्यात आपल्या वजनाला असेल तोच दाब ठेवावा.

कच्च्या वाटेवर हवा कमी का करतात, तेही याच गणितातून कळतं. ९०० किलो भार ५० पीएसआयवर सुमारे २५६ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो, २० पीएसआयवर ६४० वर, म्हणजे जवळपास ए-फोर कागदाएवढ्या. बाजू ताठ असल्याने प्रत्यक्षात जागा थोडी कमी मिळते, ई टायरमध्ये आणखी कमी. मात्र २० पीएसआयवर इंडेक्सचा आकडा लागू राहत नाही. वेग ताशी ३० किलोमीटरच्या आतच हवा, आणि डांबरावर येताच कॉम्प्रेसर काढून हवा भरावी. १५ च्या खाली गेल्यास वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. मोजणी सकाळी, टायर थंड असताना करावी. तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा सोडू नये.

रिमलाही स्वतःची भारमर्यादा असते, ती आतल्या बाजूला कोरलेली सापडते. रबरी व्हॉल्व्ह सहसा ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्याहून जास्त दाब लागणार असेल तर धातूचा बसवावा.

आणि स्टेपनी विसरू नका. चार टायर २६५/७० केले आणि पाचवा जुना २६५/६५ राहिला, तर व्यास ८०३ आणि ७७६ मिलिमीटर होतो. मागच्या एक्सलवर अशी जोडी लागली की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी गिअरपेटी) सतत फिरत राहतो, त्याचं तेल तापतं. दोन्ही चाकं एकाच गतीने फिरवणारं डिफरन्शियल लॉक तर अशा जोडीवर डांबरासारख्या टणक रस्त्यावर लावूच नये.